शून्यावर न परतलेला रूळ

सुनंदाच्या शोकसभेत तिच्या कंपनीचे साहेब म्हणाले, "मॅडम हुशार होत्या, फक्त थोड्या हट्टी." काही जण कौतुकाने हसलेही. त्याला आता काही आठवडे झाले, पण तो शब्द मला सलतोच आहे...

शाळेपासूनची माझी ही मैत्रीण रुळांवरचा ताण मोजायची. रुळाची कड घासून लख्ख करायची, तिच्यावर बारीक तारांची नखाएवढी पट्टी चिकटवायची, ती यंत्राला जोडायची आणि गाडीची वाट पाहायची. गाडी आली की रूळ वाकतो, आकडा चढतो. शेवटचा डबा गेला की रूळ सावरतो, आकडा शून्यावर येतो. "गाडी अंगावर असताना सगळेच वाकतात वं," ती म्हणायची, "गेल्यावर सरळ होते का, ते पाहा लागते."

कोळशाच्या एका मार्गावर आकडा परत आलाच नाही. साहेबांनी उन्हावर ढकललं. नागपूरच्या उन्हात कोणतंही यंत्र बहकतं म्हणाले. तिने रुळाचाच एक सुटा तुकडा त्याच उन्हात शेजारी ठेवला, तशीच पट्टी लावून. तो शून्यावर राहिला. मालगाडीखालचा राहिला नाही. तेव्हा साहेबांनी सांगितलं, प्रत्येक गाडीनंतर यंत्रच पुन्हा शून्यावर आणा. म्हणजे रूळ दरवेळी धडधाकटच दिसणार! अशा आकड्यांच्या अहवालावर तिने सही केली नाही. एवढाच तिचा हट्ट.

मग तिला गोदामात सामान मोजायला बसवलं. पुढे त्या जागचे रूळ गुपचूप बदलले गेले आणि दक्षतेबद्दल सत्कार झाला तो साहेबांचा. ती निवृत्त होईपर्यंत गोदामातच राहिली असती. त्याआधीच तिचं हृदय थांबलं. आणि तिच्या फोटोला पहिला हार घातला तोही त्यांनीच.

परवा अजनीला तिच्या घरी गेले. मी हे लिहिणार म्हटल्यावर तिचे यजमान प्रभाकरराव मान हलवत राहिले. "जाऊ द्या ताई. रूळ तर बदलले ना... आता कशाले उगीच..."

तेवढ्यात घरामागून मालगाडी आली आणि ते थांबले. सुनंदा अशीच थांबायची, वाक्य अर्धं टाकून, शेवटचा डबा जाईपर्यंत. आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. खिडकीची काच थरथरत होती. गाडी गेली, काच शांत झाली, तरी प्रभाकरराव बोलेनात.

मग म्हणाले, "लिहा. तिनं सही काहून नाही केली, ते लिहा."