काचेतली कागदी फुलपाखरं

चपलांच्या दुकानाची दर्शनी काच ताईनं जीव ओतून सजवली होती. रद्दीच्या कागदांची रंगवलेली फुलपाखरं, जुन्या खोक्यांचं झाड आणि त्याच्या फांद्यांवर टांगलेले बाळबूट. येणारेजाणारे थबकून बघत होते.

"झकास! कुणाकडून करून घेतलंत?" शेजारच्या घड्याळवाल्यानं विचारलं.

रद्दीचं नाव काढायला दुकान चालवणाऱ्या ताईच्या धाकट्या भावाला कमीपणा वाटला. "मोठ्या कारागिराला बोलावलं होतं," तो ऐटीत बोलून गेला.

मागे वळला, तर ताई खळीची वाटी घेऊन उभी. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच धावत जाऊन तो घड्याळवाल्याला खरं सांगून आला.

"ताई, चुकलो गं."

"कारागिराला चहा तरी पाजशील की नाही?" ताई हसली, तसा तो जास्तच ओशाळला.