दुधनेकाठचा कमी दाब

“कोतवाल, जसं लिहिलंय तसंच सांगायचं. काना-मात्रेचा फरक नको,” असं म्हणून तलाठीसाहेबांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली.

तहसीलमधून फोनवर आलेला मेसेज होता. मी दुसरी शिकलेला, पण अक्षर सुटं असलं की वाचतो. ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा निर्माण झाला असून चक्रीवादळ किनाऱ्याकडे सरकत आहे. नदीकाठच्या ग्रामस्थांनी सतर्क राहावे.’

“साहेब, सरळ सांगू का, पूर येणार, काठ सोडा म्हणून?”

“आणि नाही आला तर? तुम्ही काय हवामान खातं आहात?”

झरीच्या पुढं, दुधनेच्या काठावर आमचं गाव. सरकारचा निरोप गावाला पोचवणं हे कोतवालाचं काम. हलगी आमच्या घरानं छप्पन सालीच, धर्म बदलला तेव्हा, खाली ठेवली, म्हणून मी पितळी घंटा वाजवायचो. गावाला तिचा आवाज कमी वाटायचा. मला पुरायचा.

काळजी होती केरबाची. अगदी नदीच्या थडीला त्याची खोपी. बायको, दोन लेकरं, बैलं, सगळं तिथंच. शेजारी तशाच चार खोपी. दुधना फुगली की पहिल्या त्याच जाणार. पण मागच्या साली मी असाच इशारा दिला आन् पाऊस पडला चार थेंब. तेव्हापासून केरबा मला हसायचा.

मी थडीला जाऊन घंटा वाजवली, चिठ्ठी वाचली.

“गंगाराममामा, बंगाल कुठं, आमी कुठं? आवंदा बी छत्री घिऊन बसू का?” केरबा हसला.

मी चिडून परत वाचलं, मोठ्यानं. ‘कमी दाबाचा पट्टा’ आला आन् त्याचं हसू थांबलं.

“दाब कमी? लाईटचा?”

आमच्याकडं दाब म्हणजे विजेचा. तो कमी झाला की मोटारी जळतात. आन् कमी का होतो? लोक तारेवर आकडे टाकून फुकटात मोटारी चालवतात म्हणून. थडीला बिनआकड्याची मोटार शोधून सापडली नसती.

“म्हंजे लाईटवाले तपासायला यायलेत!” केरबा ओरडला. “नदीकाठानं सतर्क राहा, आसंच लिवलंय ना?”

“हाय,” मी म्हणालो. चिठ्ठीत होतंच.

घटकाभरात थडी हलली. मोटारी खोलल्या, पाईप, तारा, सगळं बैलगाडीत. केरबानं बायको-लेकरंही गाडीत बसवली. खोपीत माणूस दिसलं तर साहेब विचारणार, मोटार कुणाची?

तलाठीसाहेब धावत आले. “अहो, लोक भलताच अर्थ काढतायत! परत घंटा वाजवा. हवेचा दाब म्हणून समजावून सांगा.”

“हवा हा शब्द चिठ्ठीत न्हाई, साहेब. काना-मात्रेचा फरक नको म्हणलात.”

“आता मीच सांगतोय ना!”

“मग तसं लिहून द्या.”

साहेबांनी पेन काढला. वर गावात भरून येणाऱ्या गाड्या बघितल्या. पेन परत खिशाला लावला.

दुसरा दिवस कोरडा गेला. संध्याकाळी केरबा माझ्या दारात. “मामा, कुणी आलं न्हाई. मी चाललो खोपीवर.”

मी पाठ केलेल्या चिठ्ठीलाच धरून राहिलो. “चिठ्ठीत ‘सरकत आहे’ लिहिलंय. सरकत यायला येळ लागतो.”

केरबा थांबला. पहाटेपासून पाऊस लागला तो दिवसभर. त्याच्या पुढच्या सकाळी थडीला खोपी नव्हत्या. विजेच्या खांबाचं नुसतं टोक पाण्याच्या वर होतं.

केरबानं लेकराला कडेवर घेतलं, त्या टोकाकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, “मामा, लाईटवाले?”

“आता पव्हत येत आसतील.”

बायको त्याची हसली आन् लगेच रडली.

पुढं तहसीलच्या मिटिंगमध्ये मी उभा राहिलो. म्हणालो, वादळ कुठं उठलं ते मागून सांगा, माणसाच्या दारातलं काय जाणार ते आधी सांगा. लोक त्यानंच हलतात. साहेबलोक हसले. मी खाली बसलो नाही. हसणं संपेपर्यंत उभा राहिलो आन् तेच परत सांगितलं.