तेंची जमीन रवली काय?

आखातात, सित्र्याच्या कामगार कॅम्पात आमच्या खोलीत सहा जण, आणि इंग्रजी समजणारा मी एकटा, स्टोअरकीपर. दर बुधवारी संध्याकाळी टीव्हीवर ती अमेरिकन मालिका लागली की माझी पोपटपंची सुरू. एक म्हातारी, तिचे तीन मुलगे, हजारो गुरं आणि त्यांची जमीन गिळायला टपलेला बँकवाला. "काय म्हणाली रे ती?" मेले घास गिळू द्यायचे नाहीत.

सगळ्यांत जास्त पिडायचे वेल्डर काका, मालवणकडचे. शिफ्टची बस उशिरा आली की दारातूनच विचारायचे, "तेंची जमीन रवली काय रे?" मी मुद्दाम म्हणायचो, "राहिली कसली? खलास! गेली!" त्यांचा चेहरा खर्रकन उतरला की खोली खिदळायची. त्यांची स्वतःची गावी वीस गुंठे आणि अकरा हापूस कलमं, तीही धाकट्या भावाबरोबर सामाईक. बोलायचे मात्र अर्धा तालुका आपलाच असल्यासारखे. आम्ही त्यांना 'खोत' म्हणायचो.

काकांना अक्षरओळख नव्हती, भावाची पत्रं मीच वाचायचो. एका बुधवारी भावाचं जाड पाकीट आलं, आत स्टॅम्पपेपर. काकांच्या गावचा एक ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी सकाळी रजेवर निघणार होता, त्याच्या हाती कागद परत धाडायचा होता. पत्रात लिहिलं होतं, घराची कौलं बदलायचीत, ग्रामपंचायतीला अंगठा हवा. पानं उलटताना मला 'जमीन विक्रीचे सर्व अधिकार' असं दिसलं. दिसलं, आता खोटं कशाला बोलू? तेवढ्यात मालिकेचं संगीत सुरू झालं. सांगितलं असतं तर काकांचे शंभर प्रश्न, आणि तिकडे म्हातारीपुढे बँकवाल्यानं कागद ठेवलेला! "कौलांचंच आहे, करा अंगठा," म्हणालो आणि खाली साक्षीदार म्हणून सही ठोकली.

शाईचा अंगठा लेंग्याला पुसत काका टीव्हीपुढे बसले. म्हातारीनं पेन उचललं तसे ओरडले, "सही करू नको गे बाये!" सगळे हसून लोळले. सर्वांत मोठ्यानं मीच हसलो.

मे महिन्यात काका दोन महिन्यांच्या रजेवर गेले, आंब्याची पेटी आणतो म्हणून. अकराव्या दिवशी परत आले. नव्या मालकानं कलमं तोडून सभोवती चिऱ्याचा गडगा घातला होता, भाऊ पैसे घेऊन मुंबईला पळाला होता. हे मला काकांना विमानतळावरून घेऊन आलेल्या त्याच ड्रायव्हरनं सांगितलं. तलाठ्यानं काकांना सगळा कागद वाचून दाखवला, साक्षीदाराच्या नावासकट, हेही त्यानंच सांगितलं.

तो बुधवारच होता. "खोत आले रे! आंबे कुठंयत?" कुणीतरी ओरडलं. काका माझ्या शेजारी येऊन बसले. मालिकेचा शेवटचा भाग चालू होता, बँकवाला हात हलवत निघून गेला होता. माझी मान वर होईना.

"तेंची जमीन रवली काय रे?"

"राहिली, काका."

"बरा झाला," ते म्हणाले. "तेंका वाचूक येता."