यंदा रातकिडे बोलत नाहीत

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्वदीर्घ चुकतं, अक्षर तर कोंबडीचे पाय. जो कोणी हे वाचेल त्यानं सांभाळून घ्यावं. चार माणसांत मला बोलता येत नाही. ह्यांच्या तेराव्याला सगळे बोलले, मी पदर धरून कोपऱ्यात बसले होते. म्हणून आता लिहिते आहे.

हे गेले त्याला दीड महिना होत आला. सकाळी चहा झाला, खुर्ची ओढून गाण्याच्या सेटपुढे बसले, भजनात झांज वाजली तसं बोट वर करून मला दाखवलं... मी कपबशा विसळून आले तर मान एका बाजूला आणि भजन चालूच. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. मला तेवढ्यानंच बरं वाटलं.

गाण्याचं वेड ह्यांना गावी, लासूर स्टेशनला लागलं, वडिलांच्या भजनी मंडळात. नोकरी वाळूजच्या एका कंपनीत केली. तिथले सोबती अन्वरभाई. पुढे अन्वरभाईंनी शहागंजात दुकान टाकलं, सेट दुरुस्तीचं आणि अॅम्प्लिफायर बनवायचं. दोघांचं एका गोष्टीवरून कधी जमलं नाही. अन्वरभाई म्हणायचे, "मीटर झूट नै बोलता." हे म्हणायचे, "मीटर काय गाणं ऐकतंय का?" एकदा स्पीकरच्या खोक्यातून ठरावीक सुराला बारीक गुरगुर येते म्हणून ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. अन्वरभाईंनी मीटर लावलं, त्यात काही निघालं नाही. शेवटी ह्यांनीच खोक्याला कान लावून मागचा एक ढिला स्क्रू शोधला. तेव्हापासून अन्वरभाई ह्यांना 'कानसेन' म्हणू लागले आणि हे लई फुगून बसले.

रिटायर झाल्यावर ह्यांनी अन्वरभाईंकडून नवा अॅम्प्लिफायर बनवून घेतला. निम्मे पैसे आधी, निम्मे घरी आणल्यावर. आणला, लावला, आणि ह्यांचा चेहरा उतरला. "झांज मेली याच्यात. सगळं गोधडीतून आल्यासारखं वाटतंय." अन्वरभाई पिशवीतून मीटर घेऊन आले, तारा जोडल्या, जाड सुरापासून बारीक सुरापर्यंत आवाज मोजून कागदावर रेघ काढली.

"रेघ एकदम सीधी है, कानसेन. देख ले."

"रेघ मला ऐकवू नको. आत हलका माल घातलास तू."

मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "मला तर येतीये ऐकू झांज."

"तुला मिक्सरमधी सुद्धा झांज ऐकू यील!"

अन्वरभाईंनी मीटर पिशवीत घातलं. "मेरे कू चोर बोला तू," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता गेले. ह्यांनी उरलेले पैसे दिले नाहीत. ते पुढे गळक्या स्लॅबला लागले. भाजीला जाताना हे शहागंजाचा रस्ता टाळून लांबून जायला लागले. मैत्री गेली आणि सेटवर कापड पडलं. घर इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.

पावसाळा सरताना आम्ही लासूरला पुतण्याकडं गेलो होतो. दिवेलागणीला ओट्यावर बसलो तर हे म्हणाले, "यंदा किडं बोलत नाहीत. औषधं मारमारून संपवले लोकांनी."

मला हसूच आलं. "अहो, कान किटलेत माझे त्यांच्यापायी."

"आत्ता बोलतात?"

"व्हय की."

"आत्ता... ह्या घडीला?"

"व्हय."

त्यांनी कानामागं हात धरला. मान एकीकडं वळवली, मग दुसरीकडं. "कुठल्या बाजूनं येतंय गं?" ओट्याच्या चारही बाजूंनी किडे ओरडत होते, आणि तिथं ना अॅम्प्लिफायर होता ना त्यात हलका माल.

शहरात आल्यावर कान तपासायला गेलो. काचेच्या खोलीत बसवून ह्यांच्या कानाला हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. मी बाहेरून बघत होते. आधी ह्यांनी पटापट दाबलं, मग नुसता अंगठा बटणावर ठेवून वाट बघत बसले, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. तपासणारी मुलगी म्हणाली, "काका, झालं." हे म्हणाले, "पुढची वाजली कुठं अजून?"

मला वाटलं, आता हे खचतील. पण जिन्यातच हसायला लागले. "अगं, सेट बरा हाय! अन्वरनं फसवलं नाही मला!" कान गेल्याचं दुःख होतंच, पण मित्र चोर निघाला नाही याचा आनंद त्याहून मोठा होता.

तसेच शहागंजात गेलो. ह्यांनी कानाच्या तपासणीचा कागद अन्वरभाईंपुढं ठेवला. त्यांनी बोट फिरवलं. रेघ जाड सुरांना सरळ आणि निम्म्यानंतर, बारीक सुरांना, उतार लागल्यासारखी खाली. "ये तो अॅम्प्लिफायर नै, ये तो तू है यार," म्हणाले आणि दोघं इतके हसले की शेजारचा दुकानदार डोकावला. मग अन्वरभाई हळूच म्हणाले, "गलती मेरी बी है. डिब्बा नापा, सुननेवाला नै नापा."

डॉक्टरांनी दिलेलं कानातलं मशीन ह्यांना गाण्याच्या वेळी टोचायचं, ते काढून ठेवायचे. म्हणून अन्वरभाईंनी घरी येऊन बारीक आवाजाच्या बटणाशी दोन ठिपके दिले, पांढरा ह्यांचा, लाल माझा. पांढऱ्यावर झांज ह्यांना भेटायची आणि माझ्या दातांतून कळ जायची. मी लाल म्हटलं की हे म्हणायचे, "तुझ्या कानाला काय झालंय, तुला मिक्सर पुरतो." तेव्हापासून सेटवर कापड पडलं नाही. आजही बटण पांढऱ्यावरच आहे. कळ येते, तरी मी फिरवत नाही.

राहिलेले पैसे हे पेन्शनीतून थोडे थोडे देत होते. अन्वरभाई नको म्हणायचे, हे ऐकायचे नाहीत. "चोर म्हणालोय त्याला. पुरते फिटल्याबिगर मला चैन नाय." जायच्या आठवड्यातच म्हणाले होते, "एक हप्ता राहिला गं, तो दिला की मोकळा."

काल मी एकटी शहागंजात गेले. आजवर एकटी कधी गेले नव्हते. दुकानाच्या पायरीवर पदर सावरला. पैसे पुढं केले तर अन्वरभाई हात जोडून म्हणाले, "भाभी, हिसाब हो गया कब का."

मला बोलता येत नाही, पण बोलले. "नाही, भाईजान. ह्यांचा एक राहिलाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग चष्मा लावला, नोटा घेतल्या आणि एकेक करून, आवाज येईल अशा मोजल्या.

"पूरे हैं, भाभी. कानसेन का अब कुछ बाकी नै."