सागाची एकच फळी

औशाच्या बसस्टँडमागं आनंदराजचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पाण्याच्या मोटरीतली जळकी तार काढून नवी भरण्यात त्याचे हात इतके बसलेले, की गिऱ्हाइकाशी बोलता बोलता गुंडाळी पुरी व्हायची. कुणी नवी मोटर घ्यायला निघालं की त्याचा सल्ला ठरलेला, "एक नंबर मोठी घ्या. आपल्याकडं व्होल्टेज पडतंय." हा सल्ला आजवर वाया गेला नव्हता.

घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मात्र त्याचा निराळाच उद्योग चालला होता. कॉम्प्युटरच्या इशाऱ्यावर लाकूड कोरणारं सीएनसी यंत्र तो स्वतः उभं करत होता. सांगाडा तयार होता. आता मोटरी आणि त्यांना चालवणारं कार्ड तेवढं आणायचं होतं. त्यावर त्याला गल्लीतल्या विहारासाठी धम्मचक्र कोरायचं होतं. लाकूड कोंडाआत्यानं दिलं होतं. तिच्या नवऱ्यानं बांधावर लावलेल्या सागाची ती शेवटची फळी.

"बिघडली तर?" आत्यानं विचारलं होतं.

"न्हाई बिघडत, आत्या."

"तू न्हाईच म्हणणार. पण दुसरी न्हाई माझ्याकडं."

लातूरला दयानंदच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून त्यानं सामान आणलं. दयानंदनं दाखवलं तेच कार्ड घेतलं. त्यातलं आपल्याला कळत नाही, हे त्याला मान्य होतं. मोटरींच्या बाबतीत मात्र तो ऐकेना.

"काका, ही मधली घ्या, आणि सप्लाय जास्त व्होल्टचा," दयानंद म्हणाला.

"मोठी दे. सप्लाय असू दे साधा."

"बोअरवर बसवायलाव का?"

"मोटरीचं मला नको सांगू बाबा!"

मोटरी बसल्या. आनंदराजनं एक चालू करून हातानं अडवून पाहिली, हटली नाही. तो खूश झाला. तरी फळीला हात लावण्याआधी त्यानं कटरच्या जागी पेन बांधलं आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चक्र काढायला लावलं.

आऱ्या एका बाजूला सरकल्या. बाहेरचा गोल जिथं सुरू झाला तिथं परत आलाच नाही.

त्याची बायको लुंबिनी डोकावली. "चक्र हाय का फुटकी भाकर?"

त्यानं स्क्रू आवळले, पट्टे ताणले, मनातल्या मनात कार्डाला शिव्या घातल्या. गोल काही जुळेना. भिंतीला टेकवलेल्या फळीकडं बघायचंही तो टाळू लागला. विहारात सगळ्यांना सांगून बसला होता.

शेवटी यंत्र अगदी हळू चालवून पाहिलं. गोल जुळला! वेग वाढवला की मोटर नुसतीच किरकिरायची आणि जागची हलायची नाही. कार्डाला त्याचा पत्ता नसे. मोटर पोचलीच आहे असं धरून ते पुढचा इशारा देई.

आनंदराज पाटावर बसला आणि एकदम हसायला लागला. मोठ्या मोटरीत गुंडाळी मोठी. तिच्यात करंट भरायला वेळ लागतो, आणि मागून ढकलणारं व्होल्टेज कमी. भरायच्या आत पुढचा इशारा येतोय. ही गोष्ट त्याच्या बोटांना जन्मभर ठाऊक होती.

त्यानं दयानंदला फोन लावला. "बाबा, तुझ्या त्या मधल्याच दे. सप्लाय बी तू म्हणलास तसला."

"बोअरला पाणी लागलं न्हाई का, काका?"

"हास, हास. पण बदलून दे."

मधल्या मोटरींवर पेनानं तेच चक्र पुन्हा पुन्हा गिरवलं, अगदी भरवेगात. रेघ रेघेवरच बसत राहिली. कागद फाटला, तेव्हा लुंबिनीनंच यंत्र बंद केलं.

फळी चढवली त्या दिवशी आत्या सकाळीच येऊन दाराशी खुर्चीवर बसली. लुंबिनीनं चहा विचारला, तर नको म्हणाली. सागाचा वास खोलीभर पसरला. कटर गोल फिरत निघालं, दुपार कलली तेव्हा सुरुवातीच्या जागी आलं आणि आपोआप वर उचललं गेलं.

भुसा झटकून आनंदराज बाजूला झाला. आत्या उठली. चक्राच्या कडेवरून तिनं अंगठा सावकाश फिरवला, पूर्ण एक फेरा, मग आणखी एक.

"सुरू कुठून केलतास रे?"

आनंदराजनं वाकून पाहिलं. "मलाच सापडंना, आत्या."

आत्या परत खुर्चीत टेकली. पदरानं तोंड पुसलं.

"लुंबिनी," तिनं हाक मारली, "आता टाक गं चहा. साखर जरा जास्त घाल."