आमच्या साडूंची इंजिनं

निरुपयोगी गोष्टींच्या बाबतीत आमच्या साडूंइतका उपयोगी माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे नातं देवाने केवळ तुलना करण्यासाठी निर्माण केलं असावं. सासुरवाडी एकच, गुहागरची, सासूबाई एकच, आणि तीस-पस्तीस वर्षं प्रत्येक सणाला दोघांचे पाट शेजारी शेजारी. मी शाळेत मुख्याध्यापक होतो, ते पोफळीच्या वीजघरात फिटर. डोंगराच्या पोटात, घरापेक्षा मोठ्या यंत्रांच्या पायाशी त्यांनी सगळी नोकरी काढली. मग निवृत्त होऊन रत्नागिरीत, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायला आल्यावर या गृहस्थांनी काय करावं? तर वीतभर लांबीची, अंगठ्याएवढ्या मोटारीवर चालणारी, जुनीपानी मोडकी खेळण्यातली आगगाडीची इंजिनं दुरुस्त करायला घेतली. खेळण्यातली म्हटलेलं त्यांना खपत नाही. "नमुना म्हणा साडू, नमुना," असं ते मला बजावतात. ते मला साडू म्हणतात आणि मी त्यांना साडू म्हणतो, त्यामुळे आमचं बोलणं ऐकणाऱ्या तिऱ्हाईताला कोण कुणाला दटावतंय ते कळत नाही.

ही व्याधी जडली ती शेजाऱ्यामुळे. तो जहाजावर नोकरीला. एकदा सुटीवर येताना त्याने परदेशातल्या कुठल्याशा बंदरावरच्या जुन्या बाजारातून आपल्या मुलासाठी एक इंजिन आणलं, आणि घरी येऊन बघतो तर ते मेलेलं. साडूंनी ते उघडलं, तीन दिवस त्याच्यापुढे मांडी ठोकून बसले, आणि चौथ्या दिवशी ते चाललं. बातमी बंदरभर झाली. तेव्हापासून इथले जहाजावरचे लोक सुटीवर येताना बायकोला अत्तर, मुलांना चॉकलेट आणि आमच्या साडूंना एक मोडकं इंजिन आणू लागले. बदल्यात साडू त्यांच्या घरचे मिक्सर, पंखे आणि पाण्याचे पंप बघून देत. पैशाचा प्रश्नच नव्हता. साडूंच्या मते पैसे घालून दुरुस्त केलेली वस्तू दुरुस्त झालेली नसते, ती विकत घेतलेली असते.

त्यामुळे दुकानातून काही आणायचं नाही, हा त्यांचा धर्म. मोटार जळलेली असेल तर जुन्या टेपरेकॉर्डरची मोटार. कार्बन झिजला असेल तर मिक्सरचा कार्बन, पॉलिश पेपरवर घासघासून तांदळाच्या दाण्याएवढा केलेला. चाकं घसरू नयेत म्हणून त्यांना सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या, ब्लेडने कापलेल्या चकत्या. काही परदेशी इंजिनं दोन रुळांच्या मधल्या तिसऱ्या पट्टीवरून वीज घेतात. साडूंकडे रूळ दोनच. मग त्या इंजिनाची चाकं उपसायची, आसावर बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा तुकडा चढवून डावं चाक उजव्यापासून विजेपुरतं तोडायचं, की ते साहेबी इंजिन निमूटपणे कोकणात नांदायला लागे. रूपही ते बदलून टाकत. नाक औषधाच्या बाटलीच्या झाकणाचं, हवेच्या झडपांना डासांची जाळी, भिंतीला लावून उरलेल्या ऑइलपेंटचा निळा पट्टा, आणि पुढे टाचणीच्या टोकावर दोऱ्याची केलेली लिंबू-मिरची. रूळ पितळी पट्ट्या कापून घरीच केलेले. खाऱ्या हवेने ते दोन दिवसांत काळे पडत, म्हणून आमसुलाच्या पाण्याने घासायचे. मेव्हणीने सोलकढीसाठी भिजत घातलेली आमसुलं दोनदा रुळांवर गेली, आणि एकदा, असा माझा दाट संशय आहे, रुळांवरून परत सोलकढीत आली.

वंगणाला अर्थातच घरचं खोबरेल. जानेवारीतल्या एका गारठ्याच्या सकाळी सगळी इंजिनं एकदम संपावर गेली. मी म्हणालो, "साडू, खोबरेल थिजलं असेल." त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. म्हणाले, "थिजलां नाय ओ. अजून जाग नाय आली त्यांना." आणि सगळी इंजिनं सुपांत मांडून अंगणात उन्हाला ठेवली, आंबोशी वाळत घालावी तशी. तासाभराने ती चालली, आणि मी म्हणालो होतो तेच खरं होतं हे कबूल करायचं मात्र राहून गेलं.

परीक्षा तर अशी कडक की आमच्या शाळेत ती घेतली असती तर एक मूल पास झालं नसतं. ओटीवरून माजघरात आणि माजघरातून उंबऱ्यावर टाकलेल्या फळीवरून चढून स्वयंपाकघरात रूळ गेले होते. तिथे मेव्हणीने इंजिनामागे जोडलेल्या डब्यात सुपारीचं खांड ठेवायचं आणि इंजिनाने ते साडूंच्या खुर्चीपर्यंत आणायचं. न अडखळता दहा खेपा झाल्या की इंजिन पास. एकदा एक जुनं इंजिन उंबऱ्यावरच अडलं. हातभर अंतरावर सुपारी, आणि हे तोंड सुकवून बसलेले. मी उचलून द्यायला गेलो तर ओरडले, "हात लावू नका साडू! येतंय तां." दोन दिवस हा माणूस सुपारीवाचून राहिला. त्या दोन दिवसांत त्यांनी ते इंजिन पाच वेळा उघडलं, आणि तिसऱ्या दिवशी ते आलं. इंजिन आलं तेव्हा मेव्हणी पदराने डोळे पुसत होती. मला वाटलं कांदा चिरत असेल, पण कांदा कुठे दिसला नाही.

मला या माणसाचा हेवा वाटायचा, हे आता सांगून टाकतो. दर रविवारी सकाळी त्यांच्या ओटीवर निम्मी गल्ली गोळा व्हायची. ज्या पोरांनी माझ्या तासाला कधी मान वर केली नाही, ती तिथे जमिनीला गाल लावून चाकं बघायची. आणि माझ्याकडे, जन्मभर ज्याला उठता बसता नमस्कार मिळाले त्या माझ्याकडे, निवृत्तीनंतर कुत्रं फिरकत नव्हतं. म्हणून मी गावातल्या एका संस्थेच्या कार्यकारिणीवर शिरलो. संस्थेने मुलांसाठी एक नवं दालन करायचं ठरवलं, तेव्हा साडूंची इंजिनं मागावीत ही कल्पना माझी. अध्यक्षांनी भर सभेत माझी पाठ थोपटली. किती वर्षांनी कुणी पाठ थोपटली होती!

साडू मात्र दोन महिने नाही म्हणत राहिले. "तिथे काचेत बसून राहतील ओ ती. आठ दिवस फिरलां नाय तर इंजिन आखडतां, आपल्या गुडघ्यासारखां." शेवटी एका अटीवर राजी झाले. दर रविवारी सकाळी ते येणार, काच सरकवणार आणि एकेक इंजिन फिरवणार. मी म्हणालो, "साडू, माझा शब्द." त्यांना तेवढं पुरलं. लेखी मागितलं असतं तर फार बरं झालं असतं. मग चार महिने त्या घरात दुसरा विषय नव्हता. चाळीसच्या चाळीस इंजिनांची फेरपरीक्षा झाली. मेव्हणीची सुपारी फोडून फोडून बोटं दुखायला लागली, पण एकही इंजिन नापास राहिलं नाही. सगळी जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन, सहा खेपांत त्यांनी ती दालनात पोचवली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी मला काचेचं काम करणाऱ्या सुताराचा फोन आला. "सर, काच बसवताना हादरे बसतायत. इंजिना घरंगळतात. दोन पडता पडता वाचली. चाकांना दोन दोन थेंब तो झटकन चिकटणारा गम सोडू काय? मग हलायची नायत." मुंबईहून पाहुणे यायचे होते, हार सांगायचे राहिले होते, माझं भाषण अर्धं लिहून झालं होतं. पण मी घाईत होतो असं म्हणून सुटता येणार नाही. थेंब कुठे जाणार ते मला कळत होतं. क्षणभर साडू डोळ्यांपुढे आले. मग अध्यक्ष आले, फुटलेली काच आली, आणि जमिनीवर पडलेल्या इंजिनांपुढे उभे असलेले पाहुणे आले. "सोडा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साडू इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, बगलेत कापडी पिशवी, पिशवीत वीज कमीजास्त करायचा त्यांचा घरगुती डबा. फीत कापली गेली. माझं भाषण झालं, चांगलं झालं, टाळ्या पडल्या. मग अध्यक्षांनी साडूंना पुढे बोलावलं. काचेखालून काढलेल्या तारा त्यांनी डब्याला जोडल्या आणि बटण हळूच फिरवलं. पहिलं निळ्या पट्ट्याचं इंजिन हललं नाही. अजून फिरवलं. आतून हूं असा बारीक आवाज आला, मग जळका वास आला. कुणीतरी खोकलं. पाहुण्यांनी घड्याळात पाहिलं. साडूंनी बटण बंद केलं, सगळ्यांकडे वळून हात जोडले आणि म्हणाले, "माफ करा. माझ्या हातून कायतरी चुकलां." लोकांनी समजूतदारपणे टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्यानंतर आठ दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. मी रोज जात होतो, हे विशेष. त्यांनी तो डबा तीनदा उघडला आणि तीनदा लावला. मग डब्याचा नाद सोडून हात उन्हात धरून बघत बसले. मेव्हणीला विचारत, "माझे हात कापतात काय गो?" ती म्हणे, "नाय." ते म्हणत, "तुला दिसत नाय." शेजाऱ्याचा मिक्सर दुरुस्तीला आला तो त्यांनी तसाच परत पाठवला. जेवण अर्ध्यावर आलं. मी समोर बसून चहा पीत होतो. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य तोंडाशी येई, आणि मी चहात साखर कमी आहे असं म्हणे.

मधला एक रविवार असाच गेला; नवव्या दिवशी, पुढच्या रविवारी, ठरल्याप्रमाणे ते दालनात गेले. काच सरकवून त्यांनी निळं इंजिन उचलायला हात घातला, तर इंजिनाबरोबर रूळही वर आला. तिथून ते तडक माझ्याकडे आले, चपला घालायचंही भान नव्हतं. मी पेपर वाचत होतो. वाटलं, आता माझे शंभर भरले. पण बघतो तर साडू हसत होते. गेल्या आठ दिवसांत त्यांच्या तोंडावर दिसलं नव्हतं असलं हसू होतं. दोन्ही हात माझ्यापुढे धरून म्हणाले, "चिकटवलानी ओ साडू, सगळी चिकटवलानी! माझे हात बरे हायत!"

मी पेपराची घडी घातली. ते धपकन खुर्चीत बसले. हसू हळूहळू गेलं. गम चाकांतून आत गिअरच्या दातांपर्यंत उतरला होता. सोडवायला औषध लावावं तर ते प्लास्टिकचं अंगही विरघळवतं. म्हणजे चाळीसही इंजिनं गेली, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. मग त्यांनी मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, "तुम्हाला ठाऊक होतां काय?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "वाटलांच मला. तुम्हाला ठाऊक असतां तर तुम्ही मला आठ दिवस असां बसू दिलां नसतांत." आणि उठता उठता म्हणाले, "त्या सुताराला काय बोलू नका हां. कोणीतरी सांगितलां असेल, म्हणून केलान त्याने." कोणी सांगितलं, ते त्यांनी विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि पुढेही कधी नाही.

मी कार्यकारिणीचा राजीनामा दिला. कुणी कारण विचारलं नाही, आणि माझ्या जागी दुसरा एक निवृत्त माणूस आला. दालन चालू आहे. फलकावर साडूंचं नाव आहे, खाली माझंही आहे. चाळीस इंजिनं रांगेत उभी आहेत, सुबक दिसतात, पाहुण्यांना आवडतात. साडू तिकडे जात नाहीत. नवं इंजिनही त्यांनी उघडलेलं नाही. जहाजावरचे लोक अजून आणून देतात, ते "ठेवा" म्हणतात आणि माणूस गेला की इंजिन फळीवर ठेवून देतात. फळी भरत आली आहे.

मी रविवारी सकाळी जातो. आता तिथे आम्ही दोघंच असतो, गल्लीतलं कुणी येत नाही. घरातून निघताना मी दर वेळी ठरवतो की आज सांगायचंच, वाक्यही जुळवून ठेवतो, मुख्याध्यापकाला शोभेल असं. मी पायरी चढताना दिसलो की साडू खांद्यावरच्या टॉवेलने शेजारची खुर्ची पुसतात आणि म्हणतात, "बसा साडू." आणि मी बसतो.