मानसिंगभाऊंचं चार एमबीचं कार्ड

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवाला सांगायचा तर प्रश्नच नाही — त्याच्या डोळ्यांदेखतच झालंय सगळं. आता तुम्हाला सांगते. पण आधीच बजावते, मी रडत नाहीये. माफीबिफी मागायला बसलेले नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कराडला लागून मलकापूर, तिथं माझं कॉम्प्युटर जोडून विकायचं दुकान होतं. माझं म्हणजे माझं — पाटीवर नवऱ्याचं नाव नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, इकडंतिकडं बघायचं आणि विचारायचं, साहेब कुठायत? स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात, आणि ह्यांना साहेब पाहिजेत! असं डोकं फिरायचं म्हणून सांगू... हे कारण म्हणून सांगत नाही हं. मी कशी होते ते कळावं, एवढंच. तापट होते. अजून आहे.

सांगलीत एक कारखाना होता, साखर कारखान्यांना लागणारे सुटे भाग बनवणारा. मालकांना ड्रॉइंगचं सगळं खातं कॉम्प्युटरवर आणायचं होतं आणि सगळी मशीनं एकाच दुकानातून घ्यायची होती. शेवटी दोघं उरलो. मी, आणि कोरेगावचे मानसिंगभाऊ. लष्करात रेडिओ दुरुस्त करायचे, रिटायर होऊन नवंनवं दुकान टाकलेलं. हे काम ज्याला मिळेल त्याचं दुकान उभं राहणार आणि दुसऱ्याचं बसणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

घोडं अडलं ग्राफिक्स कार्डावर — स्क्रीनवर चित्र उभं करतं ते कार्ड. माझ्या कार्डाला आठ एमबी मेमरी, भाऊंच्या कार्डाला चार. मालक म्हणाले, आठ म्हणजे चारच्या दुप्पट, यात बघायचं काय? तर मानसिंगभाऊ शांतपणे म्हणाले, "मालक, मेमरी म्हंजे ट्रॉली. ट्रॉली मोठी म्हणून ट्रॅक्टर जोरात पळत न्हाई. इंजन बघा. चिप बघा."

बरोबर होतं त्यांचं. अक्षरन् अक्षर बरोबर. मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! त्या स्क्रीनला चार एमबी भरपूर होती, आणि त्यांची चिप माझ्या चिपपेक्षा कितीतरी चपळ. त्यांच्यासारखंच एक कार्ड आणून दोन्ही मी माझ्या दुकानात लावून बघितली होती. गिअरचं मोठं ड्रॉइंग उघडून फिरवलं की त्यांचं कार्ड पटकन मोकळं व्हायचं, आणि माझं एकेक रेघ ओढत बसायचं. मालकांसमोर मात्र मी तोंड उघडलं नाही.

मालकांनी तोडगा काढला. दोन्ही मशीनं शेजारी मांडा, दसऱ्याच्या मुहूर्तावर एकच ड्रॉइंग दोन्हींवर चालवू. जे आधी उभं करील ते घेऊ.

आदल्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यात लेथ, ड्रिल, पाने, हातोड्या — सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. आमच्या कॉम्प्युटरनाही. मानसिंगभाऊंनी आपलं मशीन नीट तपासलं, बंद केलं, मग मनोभावे पूजा केली. म्हणाले, "आता उद्या सकाळपतूर हात न्हाई लावायचा. पूजलेलं हत्यार हाय. लष्करात बी आमी असंच करायचो." एकदा पूजलं की परत तपासायचंसुद्धा नाही. त्यांच्यासाठी विषय संपला. सगळे पंगतीला गेले.

हात धुवायचं निमित्त करून मी मागं राहिले.

आता सांगूनच टाकते. त्यांच्या मशीनवरची माळ मी बाजूला केली. चालू केलं. रंगांची सेटिंग उघडली. त्यांनी ती दोनशेछप्पन्न रंगांवर ठेवली होती, माझ्या मशीनवर होती तशीच. रेघांच्या ड्रॉइंगला तेवढे रंग पुरतात. ती मी सगळ्यात वर, लाखो रंगांवर नेऊन ठेवली. दिसायला काडीचा फरक पडत नाही. काळ्यावर पांढऱ्या रेघा त्या तशाच. फक्त कार्डाला एकेका ठिपक्यामागं चौपट ओझं. मशीन बंद केलं, माळ परत घातली, बोटाला लागलेलं कुंकू रुमालाला पुसलं. आणि पंगतीत, पूजेला आलेल्या मानसिंगभाऊंच्या बायकोशेजारी बसून पुरणपोळी जेवले. वर आणखी एक पोळी मागून घेतली.

दसऱ्याला माझं कार्ड जिंकलं. थोडक्यात, पण जिंकलं. मानसिंगभाऊ सगळ्यांसमोर माझ्याकडं आले, हातात आपट्याची पानं ठेवली आणि म्हणाले, "ताई, तुमचं कार्ड चांगलं हाय. मी चुकलो." मी पानं घेतली. हसून घेतली.

देवानं मला काही केलं नाही, तेही सांगून ठेवते. मी दिलेली मशीनं चालली. हळू चालली, पण दुसरं कार्ड कुणी नीट बघितलंच नव्हतं, मग तक्रार कोण करणार? दुकान जोरात चाललं. साहेब कुठायत विचारणारे मॅडम मॅडम करायला लागले. आवडलं मला ते! खोटं कशाला बोलू? धंद्यात लबाडी केली आणि पचवली. ठेवा काय नावं ठेवायची ती.

पण — मला सांगायचं होतं ते हे नव्हे.

पुढं कोरेगावात एका लग्नाला गेले होते. मानसिंगभाऊ दिसले. दुकान केव्हाच बंद झालेलं. एका कारखान्याच्या गेटवर नोकरीला होते. मला वाटलं, तोंड फिरवतील. कसलं काय! खुर्ची ओढून जवळ बसले. बायको शेजारी उभी. म्हणाले, "ताई, राग मानू नगा. पर माझं कुठं चुकलं वो? लय इचार केला मी. चिप तर माझीच चांगली हुती."

बायको म्हणाली, "आवं, सोडा की आता."

"न्हाई गं. कळाय पायजे."

काम परत नको होतं त्यांना. पैसा नको होता. आपल्याला जे येतं ते खरं होतं का, एवढंच विचारत होता तो माणूस. आणि माझं काय जाणार होतं? मशीनं देऊन झालेली, हिशोब मिटलेले. मी काय केलं ते सांगायचीसुद्धा गरज नव्हती. भाऊ, तुमचं बरोबर होतं — एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी म्हणाले, "चिपबिप काही नसतं हो भाऊ. तुमची मेमरी कमी पडली."

त्यांनी मान डोलावली. बायकोला म्हणाले, "बघ, रेडिओवरचं ग्यान हितं चालत न्हाई." आणि मला म्हणाले, "बरं झालं सांगितलंसा ताई. डोक्यातनं गेलं एकदाचं."

पहिली लबाडी पोटासाठी केली, असं म्हणता येईल. ही कशासाठी? मला माहीत आहे कशासाठी. माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं, आणि हे त्यांना कधीच समजू नये असं मला वाटत होतं.

मानसिंगभाऊ अजून कोरेगावातच आहेत. त्यांचं घर मला माहीत आहे. मी गेलेले नाही, आणि जाणारही नाही.